तू अर्धा ठेवलेला ग्लास

त्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता आपण दोघं मेक्सिकोत फिरायला गेलो. इथं परदेशात, आपल्या लेकीच्या, सुजीच्या, डीमन गावातल्या घरात, सोफ्यावर बसून. तू ठेवणीतली हिरवी साडी नेसलीस, वर सुजीचा स्वेटर, पायात लोकरीचे मोजे.

मी म्हणलं, "साडी कशाला? ते काय आपल्या घरी येणारेत?"

"आपण चाललोय ना त्यांच्या घरी," तू म्हणालीस.

आपल्या लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली म्हणून लेकीनं ती भेट दिली होती. करोनानं सगळ्यांनाच घरात कोंडलेलं. परदेशी पाहुणे यायचे बंद झाले, म्हणून तिकडचा वाटाड्या मोबाइल काठीला बांधून आपल्या वस्तीतून हिंडायचा आणि जगभरचे लोक घरी बसून त्याच्या मागं मागं. हा फेरफटका बिअरचा आणि खाऊचा होता. आठ दिवस आधी घरी खोकं आलं. त्यात चार लहान बाटल्या, मक्याच्या चकत्या, लिंबू-तिखटातले शेंगदाणे. तो तिथं जशी बिअर उघडील तशीच आपण इथं उघडायची. सुजीचा विचार सरळ होता. बापानं उभा जन्म बिअरच्या कारखान्यात काढला, आणि आईला खाण्याच्या गाड्या बघायला आवडतात. तू पिशील हे तिच्या डोक्यातच नव्हतं. माझ्याही नव्हतं.

वाटाड्याचं नाव बेतो. ढेरपोट्या, हसरा, मास्क हनुवटीला. तिकडं सकाळचे अकरा वाजलेले. ऊन असं की आपल्या खोलीत उजेड पडला. पंधरा दिवस आपण नुसते ढग बघत होतो. तू म्हणालीस, "सुजे, तिथं बघ कसं झकास वाळवण घालता येईल."

सुजी मधी बसून त्याचं इंग्रजी आपल्याला मराठीत सांगत होती. एका दारापुढं झेंडूचे ढीग पडलेले, सुकलेले. एक म्हातारा ते झाडून काढत होता. "अहो, झेंडू!" म्हणून तू मला कोपरानं ढोसलंस, जसा काय आपल्याच वावरातला. बेतो म्हणाला, यांचा पितरांचा सण आत्ताच झाला. गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते खाणंपिणं मांडून ठेवतात आणि दारापासून झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात. त्या वासावरून मेलेल्याला आपलं घर सापडतं.

"म्हणजे सर्वपित्रीच की," तू म्हणालीस. "फक्त कावळ्याला मधी घेत नाहीत."

मी म्हणलं, "मेल्यावर कशाचं नाक आणि कशाचा वास."

"तुम्ही नकाच येऊ वासावर. बिअरच्या वासानं भलत्याच्याच घरात शिराल."

सुजी हसून हसून लोळली.

पुढं एक बाई रस्त्याकडंला तव्यावर भाकऱ्या भाजत होती. तुझ्याच वयाची. पीठ निळं. निळ्या मक्याचं. मधी घेवड्याचं सारण घालून ती लांबट थापायची. तू सोफ्यावरून उठून लॅपटॉपच्या तोंडाशी गेलीस. म्हणालीस, "विचार तिला, पीठ गरम पाण्यात मळते का."

"आई, अगं लोक बिअरचं विचारायलेत."

"तू विचार गं."

विचारलं. बाईनं सांगितलं, मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, मग वाटायचा.

"चुना?" मी म्हणलं. "पानाचा?"

"तुम्ही गप बसा." आणि त्या बाईला, थेट मराठीत, "हाताला भेगा पडत असतील गं बाई."

सुजीनं ते बेतोला सांगितलं, बेतोनं तिला. तिनं हात पुसले आणि दोन्ही तळवे मोबाइलपुढं धरले. तू पण धरलेस. बाकीचे लोक आपापल्या चौकोनात बाटल्या घेऊन बसलेले, आणि तुम्ही दोघी म्हाताऱ्या एकमेकींना तळवे दाखवत उभ्या.

तिच्या तव्याशेजारी काळ्या बिअरचा ग्लास होता. भाकरी उलटायची, घोट घ्यायची. तू ते बघत होतीस. तेवढ्यात आत बाळ रडलं आणि सुजी त्याला पाजायला गेली. बेतोनं तिसरी बाटली उघडली, काळी. मीही उघडली. तू हात पुढं केलास.

"द्या."

"काय?"

"ती भाकरी थापत पितेय. मला काय धाड भरलीय? द्या घोटभर."

मी तुला स्टीलच्या नाही, काचेच्या ग्लासात ओतून दिली. बेतोनं हातानं खूण केली, सगळे ग्लास वर करा, आणि त्यानं सगळ्यांना एकदम पडद्यावर घेतलं. तू ग्लास वर केलास, मग नाकाशी नेलास. बराच वेळ धरलास. घोट घेतलास. परत नाकाशी नेलास.

"अहो," तू म्हणालीस, "हिला वासच येत नाही."

आणि मी हसलो. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो.

इथल्या मराठी मंडळाच्या पुस्तिकेत यंदा गेलेल्यांवर घरच्यांनी एकेक पान लिहायचं असं ठरलंय. सुजी म्हणाली, बाबा, तुम्ही लिहा, मी टाइप करीन. जन्मगाव, स्वभाव, किती आप्त मागं राहिले, असं लिहितात म्हणे. ते तिला येतं, ती लिहील. मी सातवी नापास माणूस. मला एकच गोष्ट लिहायची आहे. मी का हसलो.

वासाचा अर्थ काय हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. सुजीनं उन्हाळ्यातच आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. ताप आला, खोकला आला, वास जायला लागला, तर लगेच सांगायचं, लपवायचं नाही. मी मान हलवली होती. माहीत होतं. पण त्या घडीला मी दुसरंच ऐकलं.

वाळूजच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं होतो. आधी बाटल्या धुवायच्या लाइनीवर, मग हुंगायच्या कामाला. परत आलेल्या रिकाम्या बाटल्यांत लोक काय काय भरून ठेवायचे, रॉकेल, फिनेल, गोडं तेल. ती बाटली धुऊनही वास सोडत नाही. ती लाइनीत गेली तर मालाची माती. म्हणून मी तोंडाशी नाक लावायचो आणि वाईट ती बाजूला काढायचो. साहेब नव्या पोरांना सांगायचा, याच्या नाकाला मशीन हरतं. नंतर धुतलेली बाटली दिव्यापुढून जायची, तडा बघायला. तिथंही मीच.

आणि त्याच नाकवाल्याला तू रोज दारात उभं करायचीस. "तिथंच थांबा." बाहेर खुंटी, खुंटीला शर्ट. बाहेरच बादली. अंगावर पाणी घेतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. थंडीतसुद्धा. वस्तीतली पोरं टपून असायची, काकाची आंघोळ बघायला. मी चिडून म्हणायचो, "ह्याच वासावर पोरगी शिकायलीय." तू म्हणायचीस, "पोरगी तिच्या डोक्यानं शिकायलीय. वास तेवढा तुमचा." हे भांडण मिटलं नाही. दिवाळीला कारखान्यातून बाटल्या मिळायच्या त्या तू दारातूनच शेजाऱ्याला द्यायला लावायचीस. मी निवृत्त झालो त्या दिवशी तू तो शर्ट तीनदा धुतलास, वाळवलास, नाकाशी धरलास आणि बोहारणीला देऊन टाकलास. "अजून येतो," म्हणालीस. दहा वर्षांनी, इथं डीमनमधे, मी जवळ बसलो तरी कधी मधी म्हणायचीस, "अजून येतो हो."

इथं आलो सुजीच्या बाळंतपणाला, आणि अडकलो. लॉकडाउनमधे सुजीनं नियम काढला, बाहेरून येणाऱ्यानं दारातच कपडे बदलायचे. तू जावयांना म्हणालीस, "जगाला आत्ता सुचलं. आमच्याकडं एकतीस वर्षं हाच कायदा होता."

तर त्या संध्याकाळी तू ग्लास हुंगलास आणि म्हणालीस, वासच येत नाही. मला वाटलं, सुटलो. चव्वेचाळीस वर्षांनी बाईनं सोडून दिलं. माझं मन राखायला, सणाच्या दिवशी, आपल्या तोंडानं म्हणाली की वास नसतो. माझ्या जन्माच्या कामाला कुणी मेडल दिलं नाही. मला ते मेडल वाटलं. मी मांडीवर थाप मारली आणि म्हणलं, "आत्ता आलीस का लाइनीवर!"

तू जरा गोंधळलीस. "नाही हो, म्हणजे मला..." असं काहीतरी सुरू केलंस. मी हसतच होतो. मग तूही हसलीस. अर्धा ग्लास राहिला होता. टाकायची सवय नाही तुला. त्यावर बशी झाकलीस. "राहू द्या. उद्या बघते."

"मला" च्या पुढं काय होतं ते मला आता कधी कळणार नाही.

सोमवारी तू बाळाला तेल लावलंस. मंगळवारी फोडणी जळली. मला बाहेरच्या खोलीत ठसका लागला आणि तू कढईपुढं उभी राहून शांतपणे कोथिंबीर चिरत होतीस. मी उठून गॅस बंद केला आणि वर तुलाच बोललो, "लक्ष कुठं असतं?" तू म्हणालीस, "काय की बाई." थेंबभर रॉकेलची एक बाटली मी शंभरात ओळखायचो. हे माझ्या डोळ्यापुढं होतं, नाकापुढं होतं.

गुरुवारी तुला ताप भरला. सुजीनं हाउसआर्ट्सला, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरला, फोन लावला. ती मोबाइलवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, डॉक्टर विचारायलेत, आईला वास येतो का? नसेल तर कधीपासून?"

मी म्हणलं, "आजपासूनच."

का म्हणलं? सुजीची भीती वाटली. पोरीला उन्हाळ्यापासून कानीकपाळी ओरडून सांगायला लावलं आणि मीच चार दिवस गिळून बसलो, हे तिच्या डोळ्याला डोळा देऊन सांगवेना. तू उशीवरून माझ्याकडं बघितलंस. जन्मभर माझी एक थाप तू उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाहीस. ही येऊ दिलीस. त्या बघण्यात काय होतं, माफी का राग, का नुसता ताप, हे मी रोज ताडून बघतो. कधी एक वाटतं, कधी दुसरं.

मला ठाऊक आहे लोक काय म्हणतील. म्हणतील, चार दिवस आधी फोन केला असता तरी इथला डॉक्टर पॅरासिटामॉल घ्या, पाणी प्या, एवढंच म्हणाला असता. म्हणू देत. ते तुझ्या जागी नाहीत आणि माझ्याही नाहीत.

रविवारी दम लागला. अँब्युलन्सवाली दोघं आली, पायापासून डोक्यापर्यंत झाकलेली. मला खाली येऊ दिलं नाही. दारातून नेताना तू मान वळवून म्हणालीस, "दूध ठेवलंय गॅसवर. उतू जाईल, बघा." मी बघायला गेलो. परत आलो तर लिफ्टचं दार लागलेलं. पुढचे नऊ दिवस तू मला मोबाइलमधे दिसलीस, तोंडावर नळी. बेतोच्या वस्तीसारखीच, काचेपलीकडं. हात पुढं केला की काचच लागायची. सुजीला दोन दिवस ताप आला, जावयांचं नाक आठवडाभर गेलं. बाळाला काही झालं नाही. मलाही काही झालं नाही. कणकणसुद्धा नाही.

तुझी रक्षा अजून त्यांच्याकडंच आहे. महिना झाल्याशिवाय हातात देत नाहीत, असा इथला कायदा. म्हणजे तू अजून घरी आलेली नाहीस.

मी रोज उठून आधी हिंगाची डबी हुंगतो. मग साबण. मग तुझा स्वेटर, सुजीचा म्हणजे, पण तू घातलेला. पहिल्या आठवड्यात त्याला तुझा वास होता. आता लोकरीचा आहे. माझं नाक शाबूत आहे, वासच उठून गेला. आणि परवा संध्याकाळी, सहाच्या सुमाराला, दारातून झेंडूचा वास आला. खोटं सांगत नाही. डिसेंबरात इथं झेंडू कुठला. मी उठून दार उघडलं. बाहेर ओला जिना, शेजाऱ्याची सायकल. मी तसाच उभा राहिलो. "बाबा, थंडी येतेय आत," सुजी म्हणाली. मी म्हणलं, "असू दे थोडा वेळ." तिला कसं सांगू मी काय करायलोय. वासावर मेलेल्या माणसाला घर सापडतं, पण तुझा तर वासच आधी गेला. तू कशी येशील? म्हणून दार तरी उघडं ठेवावं.

आता रात्री अंगाला बिअरचा वास येतो म्हणून मी दोनदा आंघोळ करतो. "अजून येतो" म्हणायला कुणी नाही.

बेतोनं त्या दिवसाचा व्हिडिओ पाठवलाय. सुजीनं तो गेल्या आठवड्यात बघितला. सगळे ग्लास वर करतात तिथं एका कोपऱ्यात आपण दोघं आहोत. आवाज बंद, कारण सगळ्यांचाच बंद होता. तू ग्लास हुंगतेस, काहीतरी बोलतेस, आणि मी हसून आडवा होतो. सुजीनं तो तुकडा चारदा मागं घेतला. "बाबा, आई किती गोड दिसायलीय. इथं काय म्हणाली ती? तुम्ही एवढं हसलात ते?"

मी म्हणलं, "काही नाही गं. तिचं नेहमीचं."

हे सुजी टाइप करायलीय. सुजे, ह्या ओळीवर थांबू नकोस, पुढं कर. तुझी आई तिथं म्हणाली, हिला वासच येत नाही. रविवारी म्हणाली, गुरुवारी नाही. तुझ्या बापाला तोंडानं सांगता आलं नाही, म्हणून त्यानं तुझ्याच हातानं लिहवून घेतलं. तुला काय म्हणायचं असेल ते मला म्हण. दारात उभं केलंस तरी मी थांबीन.

आणि तुला, माझे बाई, अजून एक सांगायचं राहिलं. सोमवार ते बुधवार तू बाळाला एक मिनिट खाली ठेवलं नाहीस. मी रविवारीच बोललो असतो तर त्याच क्षणी सुजीनं तुला आतल्या खोलीत घातलं असतं, दार लावलं असतं. ते पोर तुझ्या मांडीवर परत आलंच नसतं. बुधवारी दुपारी ते तुझ्या पदराची गाठ तोंडात धरून झोपलं होतं आणि पायाला मुंग्या आल्या तरी तू हलली नाहीस. ते तीन दिवस तुला माझ्या चुकीनं मिळाले. पोराला काही झालं असतं तर? झालं नाही. हे मी देवाचे आभार म्हणून सांगतोय का स्वतःची सोडवणूक म्हणून, मला कळत नाही. तुला कळलं असतं. तू लगेच सांगितलं असतंस.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. बाहेर अंधारच होता. ओट्यावर तुझा ग्लास होता, वर बशी. मी बशी उचलली आणि हुंगलं. फेस मेला होता, पण वास खणखणीत. जळका गूळ, कॉफी, भाजलेलं धान्य, सगळं जागेवर. एकतीस वर्षांच्या नाकाला काही कमी सापडलं नाही. मी एकटाच हसलो. म्हणलं, एवढा वास मारतेय, आणि बाई म्हणते येत नाही. काय मन राखलं माझं.

चव्वेचाळीस वर्षं तू माझ्या ताटात जेवलीस, माझं उष्टं खाल्लंस. तुझं मी कधी खाल्लं नव्हतं, आपल्यात कोण खातं. त्या सकाळी मी तुझा ग्लास तोंडाला लावला, तुझ्या ओठांचा डाग होता तिथंच, आणि तळापर्यंत प्यायलो. ग्लास धुतला. दिव्यापुढं धरून फिरवून बघितला, हाताची सवयच ती. तडा नव्हता, डाग नव्हता. पालथा घातला. आत येऊन बघितलं तर तू अजून झोपलेली. रोज माझ्या आधी उठणारी तू.

म्हणलं, झोपू दे.